रामबेटी मरत नाही

या, असे पुढे सरकून बसा. चपला दाराशी ठेवल्यात ना? मनातली घाईही तिथंच ठेवा. आज देवाच्या लीलेची नाही, आमच्या फिरोजाबादच्या गल्लीतल्या एका बाईची गोष्ट सांगतो, आणि तिला कवितेत मारून टाकणाऱ्या कवीची. ऐकाल तर पोट भरेल.

कवीचं नाव हुब्बलाल. कारखान्यातून निघालेल्या, उघड्या तोंडाच्या बांगड्या हातगाडीवर घालून तो घरोघर पोचवायचा आणि बायकांनी दिव्याच्या ज्योतीवर त्यांची टोकं जुळवली की परत उचलायचा. गाडी ढकलता ढकलता त्याचे ओठ हलत असायचे. लोकांना वाटायचं, नामस्मरण चाललंय. चालायची कविता. कवी म्हणून त्यानं नाव घेतलं होतं ‘अंगार’.

हातगाडीवाला, बांगड्या जोडणारी, भट्टीवर भाजून निघणारा, हीच त्याच्या कवितेतली माणसं. आमच्या गल्लीची एक रीत होती. बांगड्यांचा जुडगा बाहेर पाठवण्याआधी हातात खुळखुळवून ऐकतात. एखादी तडकलेली असली तर आवाज बद्द येतो. हुब्बलाल आपली कविताही अशीच खुळखुळवून बघायचा. ज्याच्यावर रचली, त्याला ती आधी ऐकवायची, मगच गल्लीबाहेर न्यायची.

त्या जेठात, भर उन्हाळ्यात, रामलीला मैदानावर कविसंमेलन ठरलं. ते भरवणारे निर्झरजी, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, मनानं मोठे. हुब्बलालला मंचावर पहिल्यांदाच बोलावणं आलं. निर्झरजींनी नवी कविता वाचली आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. “अंगारजी, शेवट काळीज चिरतो. ही रंगली तर तुम्हाला आग्र्याच्या मोठ्या मंचावर नेतो.”

आग्रा! हुब्बलालला दोन दिवस भाकरी सुचेना.

संमेलनाच्या दिवशी दुपारी तो रामबेटीच्या दारी आला. मी तिथं ओट्यावर बांगड्या निवडत बसलो होतो. रामबेटी विधवा, दमेकरी, आणि तोंडाची अशी की भट्टीवाला मुकादमही तिच्या दारावरून मान खाली घालून जाई.

“भाभी, कविता तुमच्यावर आहे.”

“माझ्यावर? माझं काय लिहिण्यासारखं आहे रे लल्ला? बरं, म्हण. पण दारातून बाजूला हो, ज्योत हलतेय.”

हुब्बलालनं घसा साफ केला.

*दार लावून घेते ती, वाऱ्यालाही घरात मज्जाव,*
*ज्योत हलली तर काच वाकडी जुळते.*

रामबेटीचा हात थांबला. “खरं आहे,” ती हळूच म्हणाली. पुढं घामाचं आलं, डोळ्यांतल्या पाण्याचं आलं, ती मान हलवत राहिली. मग शेवटचं कडवं आलं.

*एका दुपारी ज्योत जळत राहिली,*
*आणि तिचा श्वास विझला.*

“कुणाचा?”

“म्हणजे... तुमचा.”

“मला मारलंस?” रामबेटीनं दिवा विझवला, पदर खोचला. “अरे अंगारा, तुझ्या तोंडात राख पडो! मी जिवंत समोर बसलेय आणि तू माझं तेरावं घालायला निघालास? जेवणावळीत पुऱ्या तरी चांगल्या कर!”

“भाभी, कवितेत तसं करावं लागतं. गरीब मेला की लोक हळहळतात, टाळ्या पडतात.”

“माझ्या मढ्यावर?”

हुब्बलालनं माझ्याकडे बघितलं. “भगतजी, तुम्ही तरी सांगा यांना.”

मी पडलो कथा-कीर्तनातला माणूस. मी म्हणालो, “बाबा, आमचे कथाकार महाराज मंडप ओला होईतो रडवतात. पण लोकांना चितेपाशी सोडून ते कधी उठलेले पाहिलेस? आरती होते, प्रसाद वाटतात, मग माणूस घरी जातो. रडवणं सोपं रे. घरी कसं पाठवायचं, ते बघ.”

“आणि आग्रा?”

रामबेटीनंच तोडलं. “वाच, हवं ते वाच. अडवायची नाही मी. पण पहिल्या रांगेत येऊन बसणार. माझ्या तोंडाकडे बघून मला मार.”

दिवे लागायच्या सुमाराला आम्ही मैदानावर गेलो. रामबेटी खरोखरच पुढं बसली, धुतलेलं लुगडं नेसून. हुब्बलालचं नाव पुकारलं तेव्हा तो उठला. मला तो शेवट नको होता, आणि त्याचं आग्रा हुकायलाही नको होतं.

त्यानं सुरुवात केली. घामाच्या कडव्याला वाहवा उठली. मग शेवट आला आणि तो थांबला. मागं निर्झरजी हलकेच पुटपुटले, “एका दुपारी...”

हुब्बलालनं रामबेटीकडे बघितलं. ती डोळा न हलवता त्याच्याकडे बघत होती. त्यानं हातातला कागद खिशात घातला आणि म्हटलं,

*संध्याकाळी दार उघडते ती,*
*वाऱ्याला म्हणते, आलास? दिवसभर कुठं उंडारत होतास?*
*वाऱ्यामागून हातगाडी येते,*
*गाडीवाल्याला म्हणते,*
*मेल्या, हळू उचल, बांगड्या आहेत, भेंड्या नव्हेत!*

मग बायकांच्या बाजूनं हसू फुटलं, असं की शामियान्याची कनात हलली. “ही तर आपली रामबेटी!” कुणीतरी ओरडलं. रामबेटी हसता हसता खोकली, खोकता खोकता डोळे पुसू लागली. पुरुषांकडून टाळ्या पडल्या, पण निर्झरजींना हव्या होत्या तेवढ्या नाहीत.

“लोकांना रडवायचं होतं, अंगारजी,” ते खिन्नपणे म्हणाले.

“होय गुरुजी,” हुब्बलाल म्हणाला. “पण भाभी समोर बसल्या होत्या. आणि जिवंत होत्या.”

आग्र्याला दुसरा कवी गेला. त्याच्या कवितेत विणकर मरत होता म्हणे. हुब्बलालला वाईट वाटलं, नाही कसं वाटेल? पण संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन तो गल्लीत शिरला, तर बंद दारांआडून बायका ओरडू लागल्या, “आमच्यावर कधी रे? आणि ऐक, आम्हालाही जिवंत ठेव!” तेव्हा त्याची मान अशी ताठ झाली की आग्र्याच्या मंचावरही झाली नसती.

रामबेटी आजही आहे. दम लागतो, दोन वाक्यांत एकदा थांबते, पण जीभ तशीच आहे. मेलेल्यांसाठी आपण हात जोडतोच. आज घरी गेल्यावर देवापुढं बसाल, तेव्हा हिच्यासाठी जोडा. फिरोजाबादची रामबेटी, एवढं म्हटलं तरी पुरे. तिच्या छातीला थोडं बळ मागा.