तीन वेळा मोजलेले कांदे

कारखान्यातले लोक त्यांना पाठीमागे ‘मायक्रॉनसाहेब’ म्हणत. मिलिमीटरच्या हजाराव्या भागानेही ज्यांच्या कपाळाला आठी पडे, त्यांना दुसरे नाव शोभलेही नसते. मोजमाप विभागाचे प्रमुख म्हणून तीन वर्षांच्या करारावर ते परमुलखात आले होते आणि पत्नीसह कारखान्याच्या वसाहतीत राहत होते. आपल्याकडची दहाबारा कुटुंबे तिथे होती. वेल्डर, फिटर, क्रेनवाले. साहेब त्यांच्याशी सौजन्याने वागत, पण त्यांच्यात उठबस ठेवत नसत.

वसाहतीसमोर नवे सुपरमार्केट उघडले, तेव्हा साहेब पहिल्याच आठवड्यात पिशवी घेऊन तिथे गेले. फळ्या पातळीत होत्या, किमतीच्या चिठ्ठ्या एका रेषेत होत्या. साहेबांना बरे वाटले. भाजीच्या काट्यावर मात्र हिरवा एप्रन घालून वेल्डरची बायको उभी होती. त्यांना पाहताच तिचा चेहरा उजळला.

“या काका! कांदे आजच आलेत बघा. सुके आहेत, टिकतील.”

साहेबांनी मान हलवली, पण ते हसले नाहीत. त्यांच्यामागे रांगेत त्यांच्याच विभागातला एक स्थानिक अभियंता उभा होता. तिने दोन किलो कांदे तोलून चिठ्ठी चिकटवली आणि साहेब लगबगीने पुढे गेले.

घरी येऊन त्यांनी ते कांदे स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले. संशय नव्हता, सवय होती. आकडा आला एक हजार नऊशे चाळीस. कांदे उतरवून पुन्हा ठेवले. तेच. तिसऱ्यांदा ठेवले. तेच. वहीत तीन ओळी लिहिल्या गेल्या आणि साहेबांच्या अंगात उत्साह संचारला. या देशात आल्यापासून ते इतरांनी ठरवलेल्या मापांत आपले काम बसवत आले होते. आज प्रथमच इथल्या कोणाची चूक त्यांच्या हाती लागली होती.

“अहो, साठ ग्रॅम म्हणजे एक कांदा,” पत्नी म्हणाली. “सोडून द्या.”

“प्रश्न कांद्याचा नाही, तत्त्वाचा आहे.”

“बरं. मग उद्या तत्त्वाचीच भाजी करते. चिरायला तरी सोपं जाईल.”

दुसऱ्या दिवशी साहेब सुपरमार्केटात गेले. सोबत वही होती, कांदे नव्हते. काट्यापुढे सातआठ गिऱ्हाइके होती. साहेबांनी तिथल्या भाषेत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, की या काट्यावर माल कमी भरतो.

वेल्डरची बायको गोंधळली. काट्यावरून पुढे वाकून ती हळूच म्हणाली, “काका, कांदे आणलेत का? आणा ना, परत घालून बघू. माझं चुकलं असेल तर इथंच कळेल.”

या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. घर पाच मिनिटांवर होते. पण एव्हाना मॅनेजर येऊन उभा राहिला होता, आणि ती ज्या भाषेत बोलली ती भाषा साहेबांनी जणू कधी ऐकलीच नव्हती. तिच्याकडे न पाहता ते मॅनेजरशी तिथल्याच भाषेत बोलत राहिले. आपण तीनदा मोजले आहे. काटा कदाचित ठीकही असेल. पण या बाई रिकाम्या डब्याचे वजन वजा करायला विसरत असाव्यात, प्रशिक्षण नसलेल्या माणसांकडून असे होते. मॅनेजरने विचारले, आपण कोण? साहेबांनी हुद्दा सांगितला. मॅनेजर एकदम अदबीने वागू लागला. “तज्ज्ञ गिऱ्हाईक लाभलं हे आमचं भाग्य,” असे तो म्हणाला. साहेब घरी आले ते दोन इंच उंच होऊन.

चौथ्या दिवशी पत्नीने काट्याखालची जाड रबरी चटई धुवायला काढली आणि काटा उघड्या ओट्यावर ठेवून त्यावर पिठाची न फोडलेली पिशवी ठेवली.

“अहो, इकडे या जरा. याला आज काय झालंय? किलो म्हणजे चक्क किलो दाखवतोय.”

साहेब आले. त्यांनी पिशवी उतरवली, चटई खाली घातली, पिशवी ठेवली. नऊशे सत्तर. चटई काढली. हजार. मऊ चटईत काट्याचे पाय रुतत होते, तळ चटईला टेकत होता आणि थोडा भार चटईच परस्पर उचलत होती. काटा ठेवायची जागा आधी तपासा, हा धडा ते नव्या उमेदवारांना पहिल्या दिवशी देत. शिवाय बजावत, “तीनदा तेच आलं म्हणून खरं मानू नका. पक्का लबाडही तीनदा तेच सांगतो.”

ते खुर्चीवर बसले.

“त्या पोरीला काट्यावरून काढलंय, ठाऊक आहे?” पत्नी म्हणाली. “क्रेनवाल्याची बायको सांगत होती. मागे खोकी धुवायला लावलीय. दुकानाने काटा तपासला, तो बरोबर निघाला. मग चूक हिचीच, नाही का? नोकरी अजून कच्चीच आहे, शनिवारी घरी बसवणार म्हणे.”

“मी... पत्र पाठवतो मॅनेजरला.”

“पाठवतो? बोंब मारायला स्वतः गेलात, आणि आता टपाल?”

“अगं, मला तरी काय माहीत, चटई तू घातलीस म्हणून.”

“हो, घातली. ओट्यावर चरे पडू नयेत म्हणून घातली. भर दुकानात तिला अडाणी मी नाही म्हटलं.”

साहेब वही घेऊन टेबलाशी बसले. त्यांनी अहवाल लिहायला घेतला. चार मसुदे झाले. चटईची जाडी, आकड्यांचा तक्ता, निष्कर्ष: दोष तक्रारदाराच्या घरच्या मांडणीत; कर्मचारी निर्दोष. अहवाल इतका नेटका झाला, की तो वाचताना त्यांना क्षणभर पुन्हा स्वतःचा अभिमान वाटला. आणि तसा वाटला याचीच मग अधिक लाज वाटली.

शुक्रवारी सकाळी ते मॅनेजरच्या काचेच्या खोलीत बसले. मॅनेजरने कागद वाचला आणि वेल्डरच्या बायकोला बोलावून तो तिच्या हाती दिला. तिच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. कागद भिजू नये म्हणून तिने आधी एप्रनला हात पुसले. ती सावकाश, बोट फिरवत वाचत होती. साहेब टेबलाच्या कडेकडे पाहत होते.

“काका,” ती म्हणाली, “सगळं लिहिलंत. एक राहिलं.”

“काय राहिलं?”

“मी म्हटलं होतं, कांदे आणा, परत तोलू. तुम्ही ऐकलंच नाहीत. मॅनेजरांना वाटतं, मी गप्प बसले म्हणजे माझं चुकलंच असणार. मी गप्प कुठं बसले होते?”

“तुला ते लिहून हवंय?”

“घरी आमचे हे म्हणाले, साहेबांना ऐकू आलं नसेल. मी म्हटलं, असेलही. आलं नव्हतं का, काका?”

तिच्या स्वरात टोमणा नव्हता. तिला खरोखर जाणून घ्यायचे होते. ‘नव्हतं’ म्हटले असते तर तिने ते मानलेही असते. साहेबांनी पेन काढले. निष्कर्षाखाली, तक्त्याच्या चौकटीबाहेर, त्यांनी दोन वाक्ये लिहिली. हयातभर सरळ ओळीत लिहिणाऱ्या त्या हाताची ओळ कलंडली. त्यांनी कागद मॅनेजरकडे सरकवला.

मॅनेजरने ती वाक्ये मोठ्याने वाचली. “पुन्हा तोलून पाहू, असे या बाईंनी मला आमच्या भाषेत सुचवले होते. मला ते ऐकू आले होते व समजलेही होते.”

मग त्याने मान वर केली. त्या दिवशीची अदब त्याच्या चेहऱ्यावर उरली नव्हती. फक्त कुतूहल होते. “मग तोललं का नाही?”

कारखान्यात बिघाडाच्या प्रत्येक नोंदीपुढे कारणाचा रकाना असे आणि तो रिकामा ठेवलेला साहेबांना खपत नसे.

“तिच्या भाषेत उत्तर दिलं असतं,” ते तिथल्या भाषेत म्हणाले, “तर तुम्ही मलाही तिच्या लोकांतलाच समजला असतात.”

मॅनेजरने खांदे उडवले. “तुम्ही दोघं एकाच देशाचे, हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. त्यात काय?”

तो वेल्डरच्या बायकोकडे वळून म्हणाला, “आत्तापासून काट्यावर जा. बदलीवर ठेवलेल्या मुलीला टोमॅटो ओळखता येत नाहीत.”

ती दारापर्यंत गेली. तिथे थांबून, ओल्या बाह्या उलगडत, तिने साहेबांकडे पाहिले. पहिल्या दिवशीचा उजेड त्या चेहऱ्यावर नव्हता, रागही नव्हता. परक्या माणसाला वाट देताना बघतात तसे तिने पाहिले आणि ती गेली. काचेपलीकडे रांग तिची वाट पाहत होती. मॅनेजरने दुसरे कागद पुढे ओढले. तरीही, कोणी जायला सांगण्याची वाट पाहत असल्यासारखे साहेब बसूनच राहिले.