कूकाबऱ्याच्या वाडग्याचं वय

“नोरीन, त्या वाडग्यात ट्रायफल पुडिंग कर, पण चमचा आपटू नकोस. आणि धुताना मी जवळ असेन.”

सासूबाई जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी तो आवाज नोरीनच्या कानात डुलासारखा डुलत होता. नारिंगी काचेचा वाडगा, मधोमध फांदीवर बसलेला कूकाबरा पक्षी, आणि उन्हात धरला की काचेवर मोराच्या गळ्याचे रंग. सासूबाईंना चोवीस साली लग्नात आलेला. त्रेसष्ट साली सासूबाई सिडनीला गेल्या असताना नोरीनने तो सिंकमध्ये फोडला. सकाळची बस धरून ती टेमोरा गावाला गेली आणि तिथल्या चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीतून हुबेहूब तसाच घेऊन आली. सासूबाईंना मोतीबिंदू होता. बाकीच्यांना डोळे होते, पण ते ट्रायफलवर असायचे.

आता नणंद वर्ना तो वाडगा गावच्या संग्रहालयाला देणार होती. “आमच्या आईच्या लग्नातला” एवढं कार्डावर लिहूनही झालं होतं. फक्त जाणकाराची मोहर हवी होती. म्हणून गावच्या हॉलमध्ये भरलेल्या जुन्या काचेच्या मेळ्यात दोघी मिस्टर पेंडर यांच्या टेबलासमोर उभ्या होत्या.

पेंडरनी वाडगा उलटा करून खिडकीशी धरला, साच्याच्या शिवणीवरून नख फिरवलं.

“खालची काच बिनरंगी. नारिंगी रंग म्हणजे वरून मारलेली नुसती फुंकर. बुडाला ओरखडे चहूबाजूंनी, म्हणजे टेबलावर राबलेला आहे. सिडनीचंच काम, साठ वर्षांचं तरी.”

नोरीनने सोडलेला श्वास शेजारच्या टेबलावरही ऐकू गेला असेल.

“कारखान्याचा नंबर बघू,” पेंडर म्हणाले. “तो या पट्टीखाली असणार.”

पट्टी म्हणजे जखमेवर लावतात ती. हॉलच्या जेवणाला प्रत्येकीने घरून पदार्थ आणायचा आणि भांडं परत आपल्याच घरी यावं म्हणून बुडाला पट्टीवर नाव लिहायचं. पेंडरनी ओलं फडकं दाबलं, “नोरीन” सोलून निघालं. खाली नंबर नव्हता. खाली दुसरी पट्टी होती: मिसेस एच. टुलोक.

त्रेसष्ट साली ही खालची पट्टी निघता निघेना, दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे, म्हणून नोरीनने तिच्यावरच आपली डकवली होती. अर्धं गाव असंच करतं.

“टुलोक कोण?” वर्ना म्हणाली.

“टेमोराचे. मेंढ्यावाले,” चहा घेऊन आलेली डल्सी म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

“मग आईची मैत्रीण असणार. आईने वाडगा उसना दिला असेल.”

“तुझ्या आईने?” डल्सी म्हणाली. “वर्ना, तिने मला स्कोनची कृतीसुद्धा दिली नाही. शेवटी विचारलं तर म्हणाली, पीठ घे.”

 वर्ना त्या मळक्या पट्टीवरून अंगठा फिरवत राहिली. साठीची बाई, गावभर धाक असलेली, आणि डोळे भरून आलेले.

“लग्नातला वाडगा परगावी दिला तिने,” ती हळूच म्हणाली. “आई एवढी दिलदार होती, मला माहीतच नव्हतं गं, नोरीन. कार्डावर हेसुद्धा घालते.”

तिने पेनाचं टोपण काढलं. नोरीनने नुसतं गप्प बसायचं होतं. तेवीस वर्षं जमलं होतं, आणखी पाच मिनिटांचा प्रश्न होता. पण वर्नाने “दिलदार” लिहायला घेतलं.

नोरीनने तिचा हात धरला.

“लिहू नकोस. आईंचा वाडगा मी फोडला, वर्ना. त्रेसष्ट साली. हा टेमोराहून आणला, आणि आईंच्या वाडग्याचे तुकडे टोमॅटोच्या वाफ्यात पुरले. त्या वर्षीचे टोमॅटो तू दोन टोपल्या भरून नेलेस.”