उत्तरपूजा

"कोणी बसवला ह्याला इथं?"

शेवंतीनं हे इतक्या मोठ्यानं विचारलं, की खुर्च्या मांडणारी माणसं खुर्च्या हातात धरूनच थांबली. ठाण्याच्या त्या थंडगार कलादालनात मोठ्यानं बोलायची पद्धत नव्हती. पण पद्धत सांभाळायला शेवंती आलीच नव्हती. पोळीभाजी केंद्रात अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती डोंबिवलीहून आली होती, लेकीचं काम बघायला. आणि बघते तर काय, तिच्या घरच्या देव्हाऱ्यात एक नवाकोरा गणपती ऐसपैस बसलेला. गळ्यात झेंडूचा हार, पायाशी दूर्वा, शेजारी पेढ्यांचा बॉक्स.

"आई, हळू बोल ना गं." सान्वी धावत आली. "मी पण आत्ताच बघितलं."

"बघितलंस ना? मग काढला का नाहीस?"

सान्वीनं मान खाली घातली. तिथंच शेवंतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तो देव्हारा सागवानी होता. शेवंतीच्या नवऱ्यानं, तानाजीनं, खोली घेतली तेव्हा हौसेनं करून घेतलेला. पुढं तानाजी गेला, तरी देव होते तिथंच राहिले. मग थोरला संदेश एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्फोट होऊन गेला. नुकता कुठं कामाला लागलेला पोरगा. त्या सकाळी शेवंतीनं स्वतः त्याच्या कपाळाला अंगारा लावून त्याला धाडलं होतं. तेरावं उरकल्यावर तिनं सगळे देव एका पिशवीत भरले, खडवलीला गेली आणि नदीत सोडून आली. शेजारणी म्हणाल्या, देव्हारा तरी कोणाला देऊन टाक, रिकामा ठेवू नये, अशुभ असतं. "आता आणखी काय अशुभ व्हायचं राहिलंय?" असं विचारून तिनं त्यांची तोंडं बंद केली. देव्हारा भिंतीवर राहिला, रिकामाच. ती देवावर रागावली होती आणि तो राग तिनं एखाद्या व्रतासारखा सांभाळला होता. लोक देवाशी भांडतात आणि चतुर्थी आली की मोदक करून मोकळे होतात. शेवंती त्यातली नव्हती.

सान्वी त्या रिकाम्या देव्हाऱ्यासमोर वाढली, चित्रकला शिकली. अध्यात्म आणि तत्त्वज्ञान यांतून प्रेरणा घेऊन आजची कला करणाऱ्यांना मदत देणारा एक न्यास ठाण्यात होता. यंदा त्यांचा विषय होता 'निर्गुण'. सान्वीनं कळवलं, मी पांढऱ्या भिंतीवर आमचा रिकामा देव्हारा लावेन, वर एक दिवा सोडेन, बाकी काही नाही. न्यासाला ते फार आवडलं. निवड झाली. वर्षभर काम करायला जागा आणि खर्च न्यास देणार होता. डोंबिवलीच्या एका खोलीत कॅनव्हास पलंगाखाली सरकवून ठेवणाऱ्या पोरीला आकाश ठेंगणं झालं.

"माझं दुःख काय लोकांना दाखवायला मांडतेस?" शेवंती तेव्हा कडाडली होती.

"आई, तो माझा पण भाऊ होता," सान्वी म्हणाली होती. "तुला रागावता तरी येतं. मला एवढंच येतं."

 मग शेवंतीनं देव्हारा दिला. एकाच अटीवर, आत काही ठेवायचं नाही.

आणि आता हे.

न्यासाचे सचिव गुरुदत्त पुढं आले. निवृत्त बँक अधिकारी, अंगात झब्बा, तोंडावर समाधान. "ताई, रागावू नका. टेम्पोतून देव्हारा उतरला आणि आत मूर्तीच नाही. मला वाटलं, घाईगडबडीत घरी राहिली. मुलीची ऐन वेळी फजिती नको म्हणून मी स्वतः खोपटच्या बाजारात जाऊन घेऊन आलो. मुहूर्त बघून बसवली हो."

विषय निर्गुण, निवड यांनीच केलेली, आणि रिकामा देव्हारा दिसताच यांचे हात शिवशिवले! पण माणूस लबाड नव्हता. खरोखर उन्हातून जाऊन आला होता. लबाडाला चार शिव्या देता येतात, अशा भल्या माणसाचं करायचं काय, हे शेवंतीला कळेना, त्यामुळे तर ती जास्तच चिडली.

"मूर्ती राहिली नव्हती. मूर्ती नाहीचे. काढा ती."

मग न्यासाच्या अध्यक्ष देवयानीबाई आल्या. त्या कधी आवाज चढवत नसत, त्यांना गरजच पडत नसे. "शेवंतीताई, आता आहे तसं असू दे ना. पाहुणे येतीलच. उद्घाटनाला रिकामा देव्हारा बघून लोकांना कसंसंच होईल हो. आणि अर्थ कुठे बदलतो? निर्गुणाकडून सगुणाकडे. उलट छानच आहे."

"मला तुमचं निर्गुण-सगुण कळत नाही, मॅडम. माझा पोरगा गेला, तेवढं कळतं."

 देवयानीबाई सान्वीकडे वळून गोड हसल्या. "सान्वी, आईंना समजाव. आपल्याला वर्षभर एकत्र काम करायचंय, नाही का?"

केसानं गळा कापतात तो असा.

सान्वीनं आईचा दंड धरला. "आई, आजचा दिवस राहू दे. प्लीज. उद्या सकाळी मी स्वतः काढते."

"एक दिवस?" शेवंतीनं दंड सोडवून घेतला. "माझ्या संदेशला एक दिवस दिलेला ह्यानं?"

तिनं मूर्तीकडे हात नेला, तसे गुरुदत्त कळवळले. "अहो, हात नका लावू! अक्षता वाहिल्यात. उत्तरपूजा केल्याशिवाय हलवत नाहीत."

"मग करते ना."

तिनं शेजारच्या पूजेच्या तबकातल्या चिमूटभर अक्षता मूर्तीवर वाहिल्या आणि दोन्ही हातांनी मूर्ती जागची जराशी पुढं सरकवली. माहेरी, कोकणात, वडील सरकवायचे तशी.  गुरुदत्तांचे हात आपोआप जोडले गेले आणि जन्माच्या सवयीनं त्यांच्या तोंडून निघालं, "पुढच्या वर्षी लवकर या."

"नको येऊस," शेवंती गणपतीला म्हणाली.  "माझ्याकडं परत येऊच नको तू."

तिनं मूर्ती उचलून गुरुदत्तांच्या हातांत दिली. "तुम्ही चांगल्या मनानं आणलीत. घरी न्या, नीट ठेवा."

"मग आज हे काम दाखवता येणार नाही," देवयानीबाई म्हणाल्या. "आणि पुढचंही आम्हाला पुन्हा बघावं लागेल."

सान्वीचा चेहरा उतरला. तिनं एकदा आईकडे बघितलं, एकदा देव्हाऱ्याकडे. मग हार काढला, दूर्वा गोळा केल्या, पेढ्यांचा बॉक्स उचलला आणि सगळं देवयानीबाईंच्या हातात ठेवलं.

"नका दाखवू," ती म्हणाली.

पाहुणे आले. हॉलच्या दुसऱ्या टोकाला समई लागली, भाषणं सुरू झाली. ह्या दोघींना कुणी बोलावलं नाही आणि ह्याही गेल्या नाहीत. देव्हाऱ्याच्या तळाशी पूजेचं ओलं कुंकू सांडलं होतं. शेवंती पदरानं पुसत होती, सान्वी ओढणीनं. लाकूड जुनं, कुंकू आत मुरलेलं. घासघासून डाग फिका झाला, पण गेला नाही.

"राहू दे आई आता," सान्वी हळूच म्हणाली.

"नाही राहू देणार," शेवंती म्हणाली, आणि पदराचं कोरडं टोक शोधू लागली.