स्टॉपर हळदीत नाचला

कृष्णाबाईला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. ऑफसाइड म्हणजे काय, ते प्रणितनं एकदा ताटात बोंबलाचे तुकडे मांडून तिला समजावलं, तर तिनं त्यातलाच एक उचलून त्याच्या तोंडात कोंबला, "गप जेव." पण एक गोष्ट तिला पक्की ठाऊक होती. तिचा थोरला देशाच्या लीगमध्ये खेळतो, टीव्हीवर दिसतो, आणि नवीन पनवेलच्या बाजारात गिऱ्हाईकं 'प्रणितची आई' म्हणून तिच्याकडूनच कोळंबी घेतात. नवरा गेल्यावर ज्या भावकीनं "चेंडू लाथाडून पोट भरतं काय?" म्हणून टोमणे मारले, त्याच भावकीची पोरं आता प्रणितच्या नावाची जर्सी घालून फिरत होती. बाईनं मिरवलं नसतं तरच नवल!

त्या वर्षी मात्र मरिनर्सची, म्हणजे प्रणितच्या क्लबची, पार रया गेली. वरच्या लीगमधलं पहिलंच वर्ष, आणि दसऱ्यापासून नुसती हार. परदेशातून आणलेला स्ट्रायकर नाताळला घरी गेला तो परत आलाच नाही. गोलकीपरच्या पुढं उभा राहून हल्ले अडवणारा स्टॉपर प्रणित तेवढा टिकून होता, आणि संक्रांतीनंतर नेमका त्याचाच गुडघा फिरला. क्लबचा डॉक्टर सत्यजीत म्हणाला, ऑपरेशन टळेल, पण पाडव्यापर्यंत पाय जपायचा, जोर द्यायचा नाही. प्रशिक्षकानं त्याहून स्पष्ट सांगितलं. शेवटच्या दोन मॅच खेळ, क्लबला लीगमध्ये टिकव, पुढचा करार तुझा. नाहीतर तिशीतल्या लंगड्या स्टॉपरला कोण विचारतो? वर ताकीद दिली, तू परत येतोयस हे समोरच्या संघांना कळता कामा नये, गुडघ्याबद्दल कुठं अवाक्षर काढू नकोस.

पाडवा तोंडावर आला आणि धाकट्या भावेशची हळद आली. प्रणित रोडपालीच्या घरी आला तो पँटच्या आत गुडघ्याला पट्टा आवळून. आईला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "आई, मी नाचनार नाय हां. गुडघा अजून कच्चा हाय. पन कोनाला बोलू नको."

"नको नाचूस. बस खुर्चीत," कृष्णाबाई म्हणाली. तेव्हा ती मनापासूनच म्हणाली.

पण हळद ती हळद! कोळ्यांच्या हळदीला लग्नापेक्षा जास्त माणूस जमतं. बेंजो वाजायला लागला की काठी टेकत आलेली म्हातारीसुद्धा कंबर हलवते. आणि नवऱ्या मुलाला थोरल्या भावानं खांद्यावर बसवून नाचवायचं, ही त्या घरची रीत. बाप नसल्यावर तर तो मान प्रणितचाच. आणि प्रणित बसलेला, खुर्चीत, पाय लांब करून.

कृष्णाबाईचा भाऊ काशीराम, पोटात दोन घोट गेलेले, मांडवभर ऐकू जाईल असा बोलला, "टीव्हीवाला मानूस तो! आपल्यासंगती नाचंल काय? सख्ख्या भावाला उचलायला पन लाज वाटते त्याला!"

बायका फिदीफिदी हसल्या. होणाऱ्या सुनेच्या माहेरची माणसं बघत होती. कृष्णाबाईचे कान तापले. खरं सांगायची सोय नाही आणि ऐकून घेववत नाही. अशा वेळी माणसाची अक्कल कुठं शेण खायला जाते देव जाणे! ती तरातरा गेली आणि पोराच्या कानाशी वाकली.

"एकच गानं, बाबा. एकदा उचल त्याला. चारचौघांत माझी मान खाली जाते."

प्रणितनं तिच्याकडं पाहिलं. उठला.

भावेश खांद्यावर चढला तसा मांडवात काय गिल्ला झाला! कृष्णाबाईनं लेकांवरून हात ओवाळून कानशिलांवर बोटं मोडली. दुसऱ्या कडव्याला प्रणितचा पाय वळला आणि चेहरा पांढराफटक पडला. तिला दिसलं. एकटीलाच दिसलं. पण त्यानं भावाला सोडलं नाही. अंगाला हळद लागलेला नवरा जमिनीवर पडला तर त्याच्या संसाराचं वाटोळं होतं, असं लहानपणापासून तिनंच त्याच्या डोक्यात भरलेलं. दातओठ खात तो त्याच पायावर नाचत राहिला. गाणं संपलं, पोरांनी भावेशला उतरवून घेतलं, तेव्हा कुठं तो खुर्ची धरून खाली बसला.

"गुडघ्यातलं लिगामेंट आधी अर्धं फाटलं होतं, आता अख्खं तुटलंय," सत्यजीतनं तपासून सांगितलं. "तेव्हाच थांबला असतास तर काहीतरी वाचलं असतं."

सत्यजीतला गप्प राहायची गळ घालून प्रणितनं क्लबला बाथरूममध्ये घसरलो म्हणून कळवलं. पण काशीराममामानं हळदीचा व्हिडिओ केव्हाच हौसेनं मोबाइलवरून टाकला होता, वर क्लबचं नावही लिहून! प्रशिक्षकानं तो पाहिला. फोनवर ओरडलासुद्धा नाही. "बरा हो," एवढंच म्हणाला. पुढचा करार होणार नाही, हे ऑफिसातल्या माणसानं सांगितलं.

शेवटच्या मॅचला मरिनर्सला बरोबरी पुरेशी होती. दुपारी सगळी भावकी कृष्णाबाईच्या टीव्हीपुढं जमली. ऑपरेशन झालेला पाय स्टुलावर टाकून प्रणितही बसला. त्याच्या जागी शार्दूल नावाचा नवखा स्टॉपर खेळत होता. बिचाऱ्यानं जीव तोडून खेळ केला, पण अगदी शेवटी कॉर्नर आला, तो भलत्याच माणसामागं धावला, आणि गोल. मरिनर्स लीगमधून खाली गेली.

काशीरामनं मांडीवर हात आपटला. "हात् तुझ्या! ह्याच्या जागी आपला प्रणित असता तर..."

"गप बस, काशा!" कृष्णाबाई कडाडली. "तू डिवचलंस, पन उठवला त्याला मी. गुडघा कच्चा हाय हे मला ठावं होतं. आल्या आल्या सांगितलं होतं त्यानं. तरी मी उठवला. ऐकलंत सगळ्यांनी?"

माणसं चपला शोधायला लागली. भावेश खाली मान घालून बायकोला घेऊन आत गेला.

घर रिकामं झाल्यावर ती प्रणितच्या स्टुलाशी जमिनीवर बसली. "बोल काहीतरी. शिव्या घाल मला. हळदीपासून तू माझ्याशी धड बोलतच नायस."

प्रणित टीव्हीकडंच बघत होता. तिकडं शार्दूल गवतावर बसून जर्सीनं डोळे पुसत होता.

"मामा बोलला तवा मी हाललो पन नव्हतो, आई," तो म्हणाला. "सगळा गाव बोलला असता तरी बसून राहिलो असतो. मग तू आलीस."

तो आता म्हणेल, जाऊ दे आई, म्हणून ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. तो म्हणाला नाही.