नवरदेवाची शेपूट

पडदे शिवणाऱ्या ताईच्या घरात सगळ्यात नटलेला कोण असेल, तर तिच्या धाकट्या भावाचा फायटर मासा. जांभळी पायघोळ शेपूट, तसेच लांब झुळझुळीत पर. भावाने त्याचं नावच नवरदेव ठेवलं होतं. शिडीवरून पडून मांडीचं हाड मोडल्यापासून भाऊ खाटेवर होता. माणसांशी बोलायचा त्याला कंटाळा यायचा, पण उशाशी ठेवलेल्या टाकीतल्या नवरदेवाशी तो तासन्‌तास बोलायचा.

एका सकाळी त्याने हाक मारली, "ताई, याची शेपूट फाटलीय गं!"

ताईने काचेला नाक लावलं. शेपटीला दोन उभ्या चिरा पडल्या होत्या.

"रोग असणार," भाऊ म्हणाला. "जाऊ दे. माझ्यासारखाच गेला कामातून."

"तोंड आवर! कापड फाटतं ते कशात तरी अडकूनच. मी शोधते."

माशांच्या दुकानदाराने फोटो बघितला. "रोग नाही वाटत. रोगात कडा काळ्या पडून झिजत जातात. आधी टाकीत टोचणारं काय आहे ते बघा, औषधाचं नंतर."

घरी येऊन ताईने जुना नायलॉनचा मोजा काढला आणि टाकीतली एकेक वस्तू त्यावरून फिरवली. प्लॅस्टिकच्या झाडाने मोज्याचे धागे ओढले. भावाने हौसेने आणलेल्या किल्ल्याच्या खिडकीत तर मोजा टरकलाच.

"किल्ला राहू दे ना, तो त्यातच झोपतो."

"झोपेल दुसरीकडे." किल्ला आणि प्लॅस्टिकचं झाड दोन्ही बाहेर गेलं. त्या जागी रुंद, मऊ पानांचं जिवंत रोप आलं.

पण आठवडाभरात शेपटीचा एक अर्धगोल तुकडा गायब! भावाने भिंतीकडे तोंड फिरवलं. ताई हट्टाला पेटली. पडद्यांची हातशिलाई घेऊन ती दुपारभर टाकीसमोर ठाण मांडून बसली. फिल्टरच्या धारेने नवरदेव मागे ढकलला जायचा. शेपटीचं एवढं ओझं ओढून दमला, की गर्रकन वळून आपल्याच शेपटीचा लचका तोडायचा.

"अरे, हा स्वतःच स्वतःला खातोय!"

भावाने भिंतीकडचं तोंड टाकीकडे वळवलं.

ताईने धारेच्या तोंडावर आणि पाणी ओढणाऱ्या नळीवर स्पंज बसवला. धार मंदावली. जखम भरायला पाणी मात्र वरचेवर बदलायला हवं होतं.

"बादली मी भरून ठेवीन," ती म्हणाली. "नळीने जुनं पाणी काढून नवं तू घालायचंस."

"मी? वॉकर धरून?"

"मग काय, बँडबाजा बोलवू? डॉक्टर उभं राहा म्हणून कानीकपाळी ओरडतायत."

तो कुरकुरत, शिव्या घालत उठला. पहिल्या दिवशी निम्मं पाणी जमिनीवर सांडलं. ताईने फडकं पुढे केलं, हात नाही.

हळूहळू शेपटीच्या कडेला काचेसारखी पारदर्शक झालर फुटली. भाऊ घाबरला, पण मागोमाग तिच्यात जांभळा रंग उतरला. एक चीर तेवढी वाकडी भरली, तिथे चुणी राहिली.

त्या महिन्यात माशाचं खाणं संपलं, तेव्हा भाऊ म्हणाला, "मी आणतो." दुकान कोपऱ्यावरच होतं, पण त्याला जायला-यायला युग लागलं. ताई खिडकीत उभी होती. तो मध्येच थांबला, भिंतीला टेकला, तेव्हा तिने खिडकीचे गज घट्ट धरले, पण खाली धावली नाही.

तो पुन्हा चालू लागला.