पेटीत टाकलेल्या गोळ्या

सभागृहात मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. पुढे पुडीबाबा आणि त्याच्यासमोर एक बाई, जिची बोटं सहा महिने वळत नव्हती. तिने सर्वांदेखत मूठ मिटली, उघडली, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

"सरकारी गोळ्या म्हणजे रोगाचं खाद्य!" बाबा गरजला. "उपाशी मारा त्याला! टाका गोळ्या पेटीत!"

संधिवाताची माणसं रांगेने येत. सरकारी दवाखान्यातून मिळालेल्या गोळ्या भिंतीलगतच्या लाकडी पेटीत टाकत आणि बाबाने तीन फुंकरा मारलेली पिवळसर पुडी कपाळाला लावून घेत. पुडी रोज घ्यायची. चुकली तर रोग दुप्पट.

मागे उभ्या सुताराने टाळी वाजवली नाही. त्याची बायको ही पुडी घेऊन आठवड्यात सुईत दोरा ओवायला लागली होती. पुढे तिचं तोंड फोडांनी भरलं, ताप चढला आणि ती गेली. बाबा म्हणाला होता, "विश्वास कमी पडला बाईचा." सुताराने तेही ऐकून घेतलं होतं.

आता तोच आजार आणि तीच पुडी शेजारी उभ्या मुलीच्या वाट्याला आली होती. सकाळपासून तिच्या घशाखाली पाणी उतरत नव्हतं.

"आ कर," तो म्हणाला. तिच्या तोंडात तसेच फोड होते. तो तिला घेऊन थेट दवाखान्यात गेला.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि त्या भडकल्या. "आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी रोज घेतलीस?"

"मी घेतच नाही. पेटीत टाकली."

"कसल्या पेटीत?"

मुलीने सगळं सांगितलं.

"मग त्या गोळ्यांचं पुढे काय होतं?"

"बाबा जाळतात म्हणे."

"धूर कोणी पाहिलाय?"

"कोणीच नाही," सुतार म्हणाला.

मुलीला दाखल करून डॉक्टरीणबाई औषध निरीक्षकाला घेऊन सभागृहात आल्या. सुतार सोबत होताच.

"पेटीला हात लावाल तर भस्म व्हाल!" बाबा ओरडला.

"बघू या," म्हणत सुताराने पेटी ओढली. तिला मागची फळीच नव्हती. भिंतीला भगदाड होतं, आणि पलीकडच्या खोलीत चाळणी, कागदाचे चौकोन आणि पिवळ्या भुकटीने माखलेला मिक्सर.

"ही दिव्य वनस्पती आहे," बाबा पुटपुटला.

"मग खा की चमचाभर," निरीक्षक म्हणाला.

"आज माझा उपास आहे."

मघाशी टाळ्या वाजवणारेच आता फिदीफिदी हसले.

"हसू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्याच गोळ्या दळून तो तुम्हाला देतो. त्यातली एक सूज झटक्यात उतरवते. तोच तुमचा चमत्कार. दुसरी आठवड्यातून एकदाच घ्यायची आहे. ती रोज पोटात गेली तर रक्त मारते. पुडी घेतलेले सगळे आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

"तुमच्याकडे रांगेत दिवस जातो, बाई," एक म्हातारा कुरकुरला. "वर दर वेळी सुई टोचून रक्त काढता. गुण यायला महिने!"

"रांगेचं खरं आहे, आजोबा. ते आम्हीच सुधारायला हवं. पण रक्त तपासतो ते औषध तुमच्यावर उलटू नये म्हणून. बाबाने कधी तपासलं?"

म्हाताऱ्याने पुडी खिशातून काढून निरीक्षकाच्या हातात दिली.

काही दिवसांनी मुलीच्या तोंडातले फोड सुकले. बोटं मात्र पुन्हा आखडली होती.

"आईला हेच झालं होतं?" तिने बापाला विचारलं.

"हो."

"म्हणजे तिचा विश्वास कमी नव्हता पडला."

"कमी?" सुतार म्हणाला. "जास्त होता, पोरी. म्हणून तर गेली."

वाचकहो, गुण आला म्हणजे औषध खरं, असं समजू नका. पुडीत काय आहे, किती आहे, कधी घ्यायचं आणि घेतल्यावर काय बिघडू शकतं, हे विचारा. देणारा सांगत नसेल, तर ती पुडी तोंडात घालू नका.