फ्रिजमधले साहेब

डॉक्टर जमिनीवर पालथी पडून प्लास्टिकच्या खोक्यात बघत होती. खोक्यात साहेब होते. साहेब म्हणजे नारिंगी ठिपक्यांचा, बिनविषारी, पाळीव साप. नाव फ्रिजवाल्यांच्या मुलाने ठेवलं होतं. दिवसभर काही न करता सगळ्यांना धाकात ठेवणाऱ्याला दुसरं नाव शोभत नाही, असं त्याचं म्हणणं. मुलगा उन्हाळ्यात साध्या वाटणाऱ्या तापाने गेला. साहेब राहिले.

"काका, याला इथे अंग सरळ करता येत नाही," प्राण्यांची ती डॉक्टर म्हणाली. "हा वाढला, खोका तेवढाच राहिला."

फ्रिजवाल्यांनी मान हलवली. फ्रिज दुरुस्त करता करता त्यांचे केस पिकले होते आणि बिघाड ऐकताना मान हलवायची सवय तेवढी शाबूत होती. डॉक्टरने सगळं समजावलं. लांब घर हवं. एक बाजू उबदार, एक गार. चढायला फांदी, बसता येईल एवढं पाण्याचं भांडं. नुसता तापणारा, उजेड न देणारा बल्ब मिळतो, तो लावा. जमण्यासारखं नसेल तर साप सांभाळणारे एक गृहस्थ तिच्या ओळखीचे होते, ते आनंदाने नेतील. महिन्याभराने येऊन ती बघणार होती आणि मग ठरवणार होती.

"नाही. तो इथेच राहील," फ्रिजवाले म्हणाले.

मुलगा गेल्यापासून ते पहिल्यांदाच कशाला तरी नाही म्हणाले होते. बाकी सगळ्याला ते हो म्हणत आले होते. इस्पितळाला, नातेवाइकांना, सांत्वनाला येऊन दोनदा चहा घेणाऱ्यांनाही.

दुकानात भंगारात द्यायचा एक उंच फ्रिज पडून होता. तो त्यांनी मुलाच्या खोलीत आणून कुशीवर निजवला. कॉम्प्रेसर काढला, हवेला भोकं पाडली, दाराचा पत्रा कापून काच बसवली. दार आता वरून खाली उघडायचं आणि जमिनीवर टेकायचं. आत फांदी, पाणी, छताला बल्ब. शेजारचे निवृत्त मास्तर बघायला आले आणि बराच वेळ गंभीरपणे उभे राहिले.

"फ्रिजमध्ये ठेवल्यावर साप साधारण किती दिवस टिकतो हो?"

"लाइट गेली नाही तर बरेच," फ्रिजवाले म्हणाले.

ते रोज सकाळी दुकानात जाण्याआधी दार उघडून बल्बखाली हात धरायचे. हाताला ऊब लागायची. फ्रिजचं तापमान ते जन्मभर हातानेच सांगत आले होते, थर्मामीटर आणायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

साहेब काही जेवेनात.

साहेबांचे गोठवलेले उंदीर स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये, मटारच्या मागे असत. बायकोचा साहेबांशी संबंध तेवढाच, अशी फ्रिजवाल्यांची समजूत होती. मुलगा गेल्यापासून ती त्या खोलीत पाऊल टाकताना त्यांना दिसली नव्हती. "तुमचे ते काढा आधी, मला मटार काढायचेत," एवढंच म्हणायची. ते एक उंदीर काढून कोमट करायचे, चिमट्याने साहेबांसमोर धरायचे. साहेब तोंड फिरवायचे. उंदीर परत. घरात त्या काळात कुणालाच फारशी भूक नव्हती, त्यामुळे त्यांना त्यात वेगळं काही वाटलं नाही. थंडीचे दिवस होते. डॉक्टर येण्याची तारीख जवळ येत होती.

ती आली आणि तिने थर्मामीटर आत ठेवून दार लावलं. चहा झाल्यावर काचेतून आकडा वाचला. पुन्हा वाचला.

"काका, आत गार आहे. बाहेर आहे तेवढंच."

फ्रिजवाल्यांनी दार उघडून हात धरला. बल्ब तापत होता. दार लावलं. मग त्यांचं लक्ष दाराच्या कडेच्या बटणाकडे गेलं. दार लागलं की हे बटण दाबलं जातं आणि आतला दिवा बंद होतो. घरोघरच्या फ्रिजला असतं तसं. हात सवयीने चालले होते. बल्बची वायर त्यांनी त्याच बटणाला जोडली होती.

डॉक्टर हसली नाही. तिने साहेबांना हातावर घेतलं, तोंड उघडून बघितलं, छातीशी कान नेला.

"पण मग हा ठणठणीत कसा? इतके दिवस गारठ्यात असता तर छाती भरली असती. दार कुणीतरी उघडं ठेवत असणार, बराच वेळ."

"मी तर दुकानात असतो," फ्रिजवाले म्हणाले.

"मी बसते दुपारची," दारातून बायको म्हणाली.

दोघांनी वळून बघितलं. ती उंबऱ्याच्या आत उभी होती.

"दार उघडलं की आतून ऊब येते. बरं वाटतं. तोही येतो कडेला, हनुवटी टेकून पडतो. बाहेर नाही जात. मी असते ना समोर."

"मला बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत."

डॉक्टरने साहेबांना आत सोडलं आणि ते राहतील म्हणाली. फक्त लपायला जागा करा, सापाला लपता आलं पाहिजे. फ्रिजवाल्यांनी बटण काढून टाकलं, बल्बला तापमान सांभाळणारं यंत्र जोडलं. त्याच फ्रिजचा भाजीचा कप्पा काळा रंगवून, कडेला भोक पाडून, आत उलटा ठेवला. दोन दिवसांनी साहेब जेवले. जेवून कप्प्याखाली गेले ते गेलेच.

बायकोने डॉक्टरला स्वतः फोन लावला. तो दिसत नाही, म्हणाली.

"दिसत नाही म्हणजे मजेत आहे, काकू. आधी सारखा दिसायचा, कारण त्याला जायला जागा नव्हती. आता दार उघडत नका जाऊ उगाच."

दुपारी फ्रिजवाले दुकान लवकर बंद करून घरी आले. ती खोलीत बसली होती. दार बंद होतं. काचेत फांदी दिसत होती, पाण्याचं भांडं, काळा कप्पा. तिने तळवा काचेवर ठेवला होता. ते तिच्याशेजारी जमिनीवर बसले आणि त्यांनीही हात ठेवून बघितला. दाराची फट नीट बुजली होती, काच दुहेरी होती. काम चोख झालं होतं. ऊब सगळी आत होती, बाहेर काहीच येत नव्हतं.

तिने हात काढला नाही. त्यांनीही काढला नाही.